रत्नागिरी शहर आणि भोवतालचा परिसर स्वतःच्या गाडीने पाहण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

मुळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुण्याहून स्वतःच्या गाडीने रत्नागिरीला जाण्याचे ठरवत आहोत. जाण्या-येण्याचे दोन दिवस सोडून तेथे पूर्ण चार दिवस हाताशी राहतील. सोबत माझी आई असेल. तिने सत्तरी ओलांडली असून गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिला फार पायऱ्या चढता येत नाहीत. मुलगा सातवीत आहे आणि किल्ले, जहाजे व जुन्या वस्तू यांत त्याला मनापासून रस आहे. गाडी लहान आहे, तिचा तळ जमिनीपासून फारसा उंच नाही आणि अरुंद रस्त्यांवर गाडी चालवण्याचा मला विशेष सराव नाही.

इंटरनेटवर रत्नागिरीतील पाहण्याजोग्या स्थळांच्या याद्या भरपूर मिळतात, परंतु कोणते स्थळ कोणत्या दिशेला आहे, कशाला कशाची जोड द्यावी आणि दोन ठिकाणांच्या मधल्या वाटेवर काय आहे, हे त्यांवरून कळत नाही. आजवर कोकणात गेलो ते गणपतीपुळ्याला दर्शन घेऊन एक रात्र राहण्यापुरतेच. या वेळी एखादे शहर आणि त्याभोवतीची गावे निवांतपणे पाहावीत, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. मुक्काम शहरात करावा की गणपतीपुळ्याला, घाट कोणता निवडावा आणि चार दिवसांची वाटणी कशी करावी, याविषयी त्या भागातील किंवा तेथे नेहमी जाणाऱ्या मंडळींनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

भाट्येकर

आपण यादी न मागता दिशा विचारलीत, याचा रत्नागिरीचा रहिवासी म्हणून मला फार आनंद झाला. मुक्काम निःसंशय शहरातच करावा. शहर किनाऱ्याच्या मधोमध आहे; दक्षिणेला भाट्याची खाडी ओलांडली की पावस, पूर्णगड, कशेळी असा एक पट्टा सुरू होतो आणि उत्तरेला साखरतरचा पूल ओलांडला की आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड असा दुसरा. रोज सकाळी एक दिशा धरावी आणि संध्याकाळी त्याच खोलीत परतावे, म्हणजे आपल्या आईंना रोज सामान आवरण्याचा त्रास होणार नाही.

पहिला दिवस मात्र शहरालाच द्यावा. बहुतेक पर्यटक शहराला वळसा घालून पुळ्याकडे निघून जातात, त्याचे मला नेहमी वाईट वाटते. सकाळी थिबा राजवाड्यापासून प्रारंभ करावा. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला १८८५ साली इंग्रजांनी मंडालेहून पदच्युत करून आधी मद्रासला आणि पुढच्याच वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले. आज दिसणारा राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला, म्हणजे हद्दपारीची जवळजवळ पंचवीस वर्षे लोटल्यावर राजाला तो मिळाला, आणि १९१६ साली त्याचा मृत्यू झाला तोही याच गावात. इमारतीत आता शासकीय संग्रहालय आहे. सागवानी लाकूडकाम आणि अर्धवर्तुळाकार खिडक्या पाहून झाल्यावर मागच्या बाजूने खाडीकडे अवश्य पाहावे आणि मग जवळच्या थिबा पॉइंटवर जावे. तेथून काजळी नदी वळणे घेत समुद्राला मिळताना दिसते, भाट्याचा पूल दिसतो आणि आपण दुसऱ्या दिवशी ज्या रस्त्याने जाणार आहात तो सगळा डोळ्यांपुढे येतो. संग्रहालय सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवून दिवस निवडावा.

टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान अगदी शहराच्या वस्तीत आहे. २३ जुलै १८५६ रोजी जेथे त्यांचा जन्म झाला ते कौलारू घर जपून ठेवलेले आहे, आणि जुने कोकणी घर आतून कसे असते हे मुलाला दाखवण्यासाठीही ते उत्तम आहे. गाडी मात्र आळीत नेऊ नये. मोठ्या रस्त्यावर जागा पाहून लावावी आणि चालत जावे. पतितपावन मंदिरही शहरातच आहे. स्थानबद्धतेच्या काळात सावरकर १९२४ ते १९३७ या वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यात होते. त्यांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने हे मंदिर १९३१ साली सर्व जातींच्या लोकांसाठी खुले झाले. मुलाला जहाजांची आवड असल्यास झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आणि तेथील देवमाशाचा भव्य सांगाडा चुकवू नये.

दुपारची विश्रांती झाल्यावर रत्नदुर्ग, ज्याला येथे भगवती किल्ला म्हणतात, तेथे जावे. गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते, त्यामुळे भगवतीच्या मंदिरापर्यंत आपल्या आईंना सावकाश जाता येईल. घोड्याच्या नालासारखा आकार असलेल्या या किल्ल्याच्या एका टोकाला बालेकिल्ला, दुसऱ्या टोकाला दीपगृह आणि पायथ्याशी मिरकरवाडा बंदर आहे. किल्ल्याच्या डोंगराने किनाऱ्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेकडच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र म्हणतात, तर दक्षिणेकडे मांडवीची वाळू काळसर आहे. येथील वाळूत इल्मेनाइट या जड खनिजाचे प्रमाण मोठे आहे. एकाच शहरात, काही मिनिटांच्या अंतरावर, दोन रंगांची वाळू मुलाच्या हातात देऊन पाहावी. सूर्यास्ताला मांडवीच्या धक्क्यावर बसावे. तेथे स्थानिक कुटुंबे रोज संध्याकाळी येतात आणि आईंनाही पायऱ्या न चढता समुद्र मनसोक्त पाहता येतो.

दुसऱ्या दिवसाविषयी, म्हणजे दक्षिणेच्या वाटेविषयी, सविस्तर लिहितो, कारण मला स्वतःला ती अधिक प्रिय आहे. भाट्याचा पूल ओलांडताच उजव्या हाताला सुरूच्या बनाची लांबलचक किनारपट्टी लागते. जवळच प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे आणि पुढे झरी विनायकाचे लहान देऊळ आहे. त्यानंतर रस्ता चढून सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, येतो. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, गडगे (कुंपणाच्या भिंती) आणि गडग्यांच्या आत हापूसची कलमे, असे दृश्य पावसपर्यंत साथ करते. डिसेंबरच्या आरंभी काही कलमांना मोहोर धरू लागलेला असतो आणि सकाळी गाडीच्या काचा उघड्या ठेवल्या तर त्याचा वास रस्त्यावर येतो. पावस शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. स्वामी स्वरूपानंदांची समाधी तेथे आहे. ज्ञानेश्वरी अभंगरूपात आणणारे हे सत्पुरुष याच गावात जन्मले आणि १९७४ साली येथेच समाधिस्थ झाले. मंदिराचा परिसर सपाट, स्वच्छ आणि अतिशय शांत आहे. आपल्या आईंसाठी तेथे घाई न करता वेळ राखून ठेवावा. पावसजवळूनच गणेशगुळ्याला फाटा फुटतो.

पावसच्या पुढे पूर्णगड. मुचकुंदी नदीच्या मुखावर, टेकडीच्या कडेला, हा आटोपशीर किल्ला आहे. वस्तीतून पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, थोडे चढून जावे लागते, म्हणून आईंनी खाली थांबावे आणि आपण मुलाला घेऊन जावे. तटावर उभे राहिले की एका बाजूला नदी, समोर समुद्र आणि पलीकडे गावखडीच्या सुरूच्या बनाची हिरवी रेघ दिसते. लहान किल्ला नेमका कशावर नजर ठेवण्यासाठी बांधतात, हे मुलाला तेथे न सांगताही कळेल. खाली येऊन पुलावरून गावखडीला जावे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे ज्या किनाऱ्यांवर अंडी घालतात त्यांपैकी हा एक किनारा असून गावकऱ्यांच्या सहभागाने तेथे घरट्यांचे संरक्षण केले जाते. म्हणून वाळूवर गाडी मुळीच उतरवू नये.

पुढे कशेळीचे कनकादित्य मंदिर आणि आडिवऱ्याची महाकाली ही दोन्ही देवस्थाने रस्त्याच्या जवळ आहेत. सूर्याची मंदिरे महाराष्ट्रात मोजकीच, आणि त्यांत कनकादित्याचे स्थान मोठे आहे. शिलाहार राजा भोज याचा ताम्रपट या देवस्थानाकडे आहे. सौराष्ट्रातील प्रभासपाटणहून निघालेल्या जहाजातील सूर्यमूर्ती कशेळीच्या किनाऱ्यावरील गुहेत ठेवली गेली आणि कनका नावाच्या भक्त स्त्रीला झालेल्या दृष्टान्तानंतर ती गावात आली, अशी कथा सांगतात. ती गुहा देवघळीच्या किनाऱ्यावर आहे. देवघळीला कड्यावरून खाली पाहावे. आईंना कड्यावरचेच दृश्य पुरेसे आहे. दोन्ही मंदिरांतील लाकडी कोरीवकामाकडे मान वर करून पाहायला विसरू नये.

आता किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे एक गणित सांगतो. येथील जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या अंकाला तीनने गुणावे आणि चारने भागावे. जे उत्तर येईल तितक्या वाजता साधारणपणे भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराला. दोन भरतींमध्ये बारा तास पंचवीस मिनिटांच्या आसपास अंतर असते आणि त्यांच्या मधोमध ओहोटी असते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तरी दिवस आखण्यास हे पुरेसे आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्यास्ताला ओहोटी असते, म्हणजे चालायला रुंद, कठीण वाळू मिळते. अष्टमीच्या सुमारास सूर्यास्ताच्या वेळी पाणी वर चढत असते, तेव्हा मुलाला किनाऱ्यावर दूर जाऊ देऊ नये. आपल्या तारखा ठरल्या की पंचांग किंवा दिनदर्शिका समोर ठेवून चारही दिवसांच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात.

कातळवाट

भाट्येकरांनी दक्षिणेची वाट उत्तम सांगितली आहे, परंतु एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. भाट्ये, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, देवघळी आणि आडिवरे हे सारे एका दिवसात बसवू नये. वयस्कर व्यक्ती सोबत असताना ते धावपळीचे होईल आणि या भागातील सर्वांत विलक्षण गोष्ट पाहायला वेळच उरणार नाही. ती गोष्ट म्हणजे सड्यावरची कातळशिल्पे. माझ्या मते पूर्णगड-गावखडीपर्यंत एक दिवस आणि कशेळी-आडिवऱ्यासाठी दुसरा, अशी विभागणी करावी.

रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतील जांभ्याच्या उघड्या सड्यांवर प्राचीन माणसाने प्राणी, पक्षी, मासे, मानवाकृती आणि गूढ भौमितिक रचना खोदून ठेवल्या आहेत. कित्येक पिढ्या गुराखी त्यांवरून जात-येत होते आणि काही ठिकाणी गावकरी त्यांना पांडवांची किंवा देवाची चित्रे मानत होते. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून, वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, त्यांचा शोध घेतला आणि नोंदी केल्या. हे काम मुख्यतः सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने आणि पायी चालून झाले, म्हणून मला त्याविषयी अपार आदर वाटतो. २०२२ साली कोकणातील काही निवडक कातळशिल्प-स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. त्यांत उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातील ठिकाणे आहेत. त्यांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेला जातो. नेमक्या कालनिश्चितीचे काम अजून चालू आहे.

आपण कशेळीला जाणारच आहात, तर तेथील सड्यावरचा हत्ती अवश्य पाहावा. आकृती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि तिच्या बाह्यरेषेच्या आत कितीतरी लहान प्राणी, पक्षी व जलचर कोरलेले आहेत. प्रथम सारे दगडच दिसतात. मग एक सोंड ओळखू येते, तिच्यावरून पाय, आणि हळूहळू संपूर्ण प्राणी जमिनीवर उलगडतो. मुलाला आधीपासून काही सांगू नये, त्याला स्वतः शोधू द्यावे. जेथे पाहाल तेथे सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जावे, कारण तिरप्या उन्हात खोदीव रेषांच्या सावल्या पडतात आणि आकृती स्पष्ट होतात. भर दुपारी त्याच रेषा सपाट दिसतात आणि कातळ तापलेला असतो. शहरापासून जवळचे ठिकाण हवे असल्यास उक्षी निवडावे. तेथील हत्तीभोवती गावाने संरक्षक कठडा बांधला आहे आणि शिल्प रस्त्यालगत असल्यामुळे आपल्या आईंनाही ते पाहता येईल. उक्षीच्या वाटेवरून कोकण रेल्वेचा मार्ग जवळून दिसतो; साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा याच डोंगरांत आहे.

शिल्पांवर पाय ठेवू नये, खडूने किंवा पाण्याने रेषा ठळक करू नयेत आणि गाडी सड्यावर चढवू नये, ही विनंती कळकळीची आहे. उघडा कातळ ओसाड दिसतो, परंतु तो ओसाड नाही. जूनमध्ये पहिले पाऊस झाले की रत्नागिरीच्या सड्यांवर दीपकाडीची पांढरी फुले येतात, आणि ती वनस्पती जगात या पट्ट्याबाहेर फारशी सापडत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीतेची आसवे या फुलांनी सडा निळा-जांभळा होतो. डिसेंबरमध्ये तेथे पिवळे गवत दिसेल, पण त्याखालच्या बोटभर मातीत पुढच्या पावसाळ्याचे कंद असतात आणि गाडीच्या चाकांनी तेच चिरडले जातात. गावात प्रथम दुकानात किंवा मंदिरापाशी विचारावे. लोक आनंदाने वाट दाखवतात, अनेकदा सोबतही येतात. त्यांच्याकडून फणसपोळी, कोकम, काजू असे काही विकत घेतल्यास गावाला ते शिल्प जपण्याचे एक कारण मिळते.

घाटचालक

पुण्याहून येण्याच्या वाटेविषयी आणि गाडी चालवण्याविषयी लिहितो.

दोन मार्ग विचारात घ्यावेत. पहिला साताऱ्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा असा. दुसरा कऱ्हाड किंवा कोल्हापूरच्या बाजूने मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असा. पहिला मार्ग चिपळूणला आणि दुसरा पालीला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. हातखंब्याला दोन्ही मार्ग एकत्र येतात आणि तेथून शहर साधारण १३ किलोमीटर राहते. महामार्गाच्या चौपदरीकरणामुळे ठिकठिकाणी अचानक वळणे आणि अर्धवट पट्टे लागतात, म्हणून हा भाग काळोख पडण्यापूर्वी पार करावा. घाटात उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. पहाटे धुके असते, तेव्हा दिव्यांचा झोत खालीच ठेवावा.

येताना कुंभार्लीचा मार्ग घेतल्यास संगमेश्वरजवळ कसबा येथे कर्णेश्वराचे मंदिर पाहता येईल. दगडी कोरीवकामाचे असे मंदिर तळकोकणात विरळा. छत्रपती संभाजी महाराजांना १६८९ साली याच कसब्यात पकडण्यात आले, त्यामुळे मुलाला इतिहासाची आवड असल्यास ही थोडी वाकडी वाट सार्थ ठरेल. याउलट मारळच्या मार्लेश्वराला पायऱ्या पुष्कळ आहेत. आपल्या आईंचा विचार करता या खेपेला तो बेत नको.

किनाऱ्यालगतचे रस्ते बहुतांशी डांबरी आणि चांगले आहेत, मात्र अरुंद आहेत. वाड्यांमधून जाताना एका वेळी एकच गाडी जाईल असे पट्टे येतात. समोरून एसटी आली तर आपण मागे घ्यायचे, हा अलिखित नियम आहे, कारण तिला मागे जाणे खरोखरच शक्य नसते. म्हणून शेवटची रुंद जागा कोठे गेली, याकडे सतत लक्ष असू द्यावे. वळणावर हॉर्न वाजवणे येथे उद्धटपणाचे मानले जात नाही. रस्त्याची कड सोडून चाक खाली उतरवताना आधी खाली उतरून पाहावे, कारण चिरेखाणीच्या मालमोटारींमुळे अनेक ठिकाणी डांबराची कड वीतभर उंच झालेली असते आणि आपल्या गाडीचा तळ तेथे घासेल. मोबाइलवरील नकाशा कधीकधी जवळची वाट म्हणून चिरेखाणीत जाणारा कच्चा रस्ता दाखवतो. डांबर संपले की पुढे न जाता एखाद्या माणसाला विचारावे. रात्री आठनंतर सड्यावरच्या रस्त्यांवर गुरे बसलेली असतात, कारण दिवसभर तापलेले डांबर त्यांना उबदार वाटते. त्या वेळेपूर्वी मुक्कामी परतावे.

किनाऱ्यावर गाडी नेण्याविषयी भाट्येकरांनी कासवांचे कारण सांगितले. मी दुसरे सांगतो. ओहोटीच्या वेळी कठीण वाटणारी वाळू भरतीचे पाणी खालून शिरू लागताच मऊ होते, चाके रुततात आणि मदत येईपर्यंत पाणी इंजिनापर्यंत पोहोचते. कोकणच्या किनाऱ्यांवर अशा घटना वारंवार घडतात.

मुळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके सविस्तर आणि आपुलकीचे उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. कातळवाट यांची सूचना मान्य करून दक्षिणेसाठी दोन दिवस आणि येताना कुंभार्ली घाट, असे ठरवले आहे. आता एक दिवस उत्तरेसाठी उरतो. जयगडहून गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे गुहागरच्या बाजूला जाता येते असे ऐकले आहे. शेवटच्या दिवशी तसेच पुढे जाऊन चिपळूणमार्गे पुण्याला परतणे शक्य आहे का? की उत्तरेचा दिवस वेगळा ठेवून परतीला आंबा घाट घ्यावा? आणि आई शाकाहारी आहे. वाटेवर तिच्या जेवणाची अडचण येईल का?

भाट्येकर

शक्य आहे, आणि आपल्यासारख्या प्रवाशाला मी तेच सुचवीन, परंतु दोन दिवसांत विभागून. उत्तरेचा दिवस आरे-वारे, गणपतीपुळे आणि मालगुंडसाठी ठेवावा आणि परतीच्या दिवशी सकाळी थेट जयगड गाठावे.

उत्तरेचा रस्ता साखरतरच्या पुलावरून बसणी, काळबादेवी, आरे असा जातो. आऱ्याच्या पुढे चढावरच्या वळणावरून खाली आरे आणि वारे हे दोन किनारे एकाच दृष्टीत दिसतात. ते दृश्य पाहण्यासाठी वळणावर गाडी उभी करू नये. थोडे पुढे सुरक्षित जागा आहे, तेथे थांबून चालत मागे यावे. पाण्यात मात्र येथे उतरू नये. आरे-वारे आणि गणपतीपुळे, दोन्ही ठिकाणी किनारा एकदम खोल होतो आणि ओढ जोराची असते. समुद्र शांत दिसणाऱ्या दिवशीही येथे माणसे बुडाली आहेत, आणि त्यांत पोहता येणारे तरुण अधिक आहेत. पाण्यात खेळायचे असल्यास घोट्यापर्यंत, आणि स्थानिक माणसाने सांगितलेल्या जागीच.

शहरापासून या रस्त्याने गणपतीपुळे सुमारे २५ किलोमीटर आहे. येथे डोंगरालाच गणपतीचे रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराभोवती घालावी लागते. वाट फरसबंदी आणि साधारण एक किलोमीटरची आहे. आपल्या आईंनी ती सकाळी, ऊन चढण्यापूर्वी घालावी किंवा देवळातूनच नमस्कार करावा. तेथून मालगुंड अगदी लागून आहे. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत, म्हणजेच कृष्णाजी केशव दामले, यांचे हे जन्मगाव. त्यांचे जुने कौलारू घर आणि त्यालगतचे स्मारक फार आस्थेने जपलेले आहे. पुळ्याच्या गर्दीतून तेथे आल्यावर मनाला विलक्षण शांतता मिळते. सोबत एखादे कवितेचे पुस्तक असेल तर ओटीवर बसून वाचावे.

परतीच्या दिवशी जयगडचा किल्ला आधी पाहावा. शास्त्री नदी समुद्राला मिळते त्या मुखावर तो उभा आहे, खंदक अजून स्पष्ट दिसतो आणि तटापर्यंत गाडी जाते. बुरुजावरून मोठमोठी मालवाहू जहाजे दिसतात, त्यामुळे आपल्या मुलाला तेथून हलवणे कठीण जाईल. नंतर धक्क्यावर जाऊन फेरीबोटीने तवसाळला उतरावे. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, आणि रस्त्याने हेच अंतर कापायचे तर खाडीला मोठा वळसा पडतो. फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी चौकशी करून घ्याव्यात. तवसाळहून हेदवीचा दशभुज गणेश, वेळणेश्वर आणि गुहागर असा क्रम लागतो आणि गुहागरहून चिपळूणचा रस्ता सरळ आहे. हेदवीला बामणघळ नावाची खडकातील अरुंद चीर आहे. भरतीच्या वेळी लाटा तिच्यात शिरून पाणी उंच उडते. वर सांगितलेल्या गणिताने भरतीची वेळ काढून तेथे पोहोचावे आणि काठापासून पुरेसे दूर उभे राहावे, कारण आजूबाजूचा खडक शेवाळाने निसरडा असतो.

आईंच्या जेवणाची काळजी करू नये. पावस, गणपतीपुळे आणि हेदवी परिसरात घरगुती शाकाहारी जेवण सहज मिळते. सकाळी फोन करून सांगितले तर मोदकही करून देतात. घावन, आंबोळी, कुळथाचे पिठले आणि सोलकढी अवश्य मागावी. एकच लक्षात ठेवावे की दुपारी अडीचनंतर गावांतली घरगुती खानावळ बहुधा बंद होते.

घाटचालक

फेरीबोटीविषयी थोडी पुरवणी. गाडी बोटीवर घेताना किंवा उतरवताना बहुधा एका बाजूला उलटे यावे लागते. कर्मचारी हाताने खुणा करतात. आरशाऐवजी त्यांच्याकडे पाहावे आणि क्लच हळू सोडावा. गाडी उभी राहिली की गिअर टाकून हातब्रेक ओढावा. आईंना उताराच्या पुलावर चालायला लावण्याऐवजी गाडीतच बसू द्यावे, पण काचा उघड्या ठेवाव्यात. मुलाला मात्र कठड्यापाशी आपल्यासोबत उभे करावे, म्हणजे नुकताच पाहिलेला जयगड समुद्राकडून कसा दिसतो हे त्याला पाहता येईल.

परतीच्या दिवशी सकाळी सातला रत्नागिरी सोडल्यास जयगड पाहून साधारण दहापर्यंत फेरीवर असाल, दुपारचे जेवण गुहागरला होईल आणि कुंभार्ली घाट उजेडात चढून व्हावा. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चिपळूण दुपारी तीन-साडेतीनच्या पुढे सोडू नये. उशीर होत असल्याचे दिसले तर वेळणेश्वर वगळावे, हेदवी वगळू नये. पेट्रोल रत्नागिरी सोडण्यापूर्वीच भरून घ्यावे.